आतड्याला चिकटलेला ‘दहा किलो मळ’ आणि मिठाचं पाणी

‘प्रत्येकाच्या आतड्याला ५ ते १० किलो जुना मळ चिकटलेला असतो. उपाशीपोटी लिटरभर पाण्यात दोन चमचे मीठ घालून प्या, सगळा दोरखंडासारखा बाहेर पडेल.’ हा मेसेज कधीपासून फिरतोय. परवा मावशीने तो मनावर घेतला, तेही बीपीच्या गोळ्या चालू असताना. म्हणून लिहितोय.

मुळात मळ चिकटणार कशाला? आतड्याचं अस्तर म्हणजे स्तंभीय अभिस्तर ऊती, उंच पेशींचा एकच थर. मधूनमधून चषक पेशी श्लेष्मा (बुळबुळीत स्राव) सोडत असतात, त्यामुळे भिंत कायम बुळबुळीत. आणि ही भिंत तरी कुठे जुनी? तळाच्या खळग्यांत मूळपेशी विभागत राहतात, नव्या पेशी वर सरकतात, जुन्या गळून मळाबरोबर निघून जातात. हा फेरा साधारण ३ ते ५ दिवसांचा. आठवडाभरही न टिकणाऱ्या पेशींवर दहा वर्षांचा मळ बसतो म्हणे! कोलोनोस्कोपीत, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीने मोठं आतडं आतून पाहताना, निरोगी भिंत गुलाबी, चकचकीत दिसते.

अशा मेसेजबरोबर फिरणाऱ्या फोटोतले दोरखंड खरे असतात, पण ते विकत घेतलेले. ‘क्लीन्झ’च्या, म्हणजे आतडेसफाईच्या, पावडरींत बहुधा इसबगोल आणि बेंटोनाइट माती असते. ती फुगते आणि आतड्याच्या आकाराची होऊन बाहेर पडते.

असे मेसेज पुढे सांगतात: ‘अस्तरात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ते स्वतःला साफ करू शकत नाही.’ पहिलं अर्धं वाक्य खरं आहे, नाइलाजाने मान्य. पण आधारपटलाच्या (अस्तर ज्या पातळ पडद्यावर बसतं त्याच्या) लगेच खाली केशवाहिन्यांचं जाळं असतं, पोषण तिथून झिरपतं. ‘त्वचेसारखं घासा’ हा त्यांचा सल्ला तर सोडूनच द्या. त्वचेवर मृत, केराटिनयुक्त (कठीण प्रथिनाने भरलेल्या) पेशींचे थर असतात. इथे एकच जिवंत थर आहे.

आता मीठ. दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते. पोट साफ होतं, हो. त्याला जुलाब म्हणतात. हलकं वाटतं ते पाणी गेल्यामुळे. रनित मिशोरी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘जर्नल ऑफ फॅमिली प्रॅक्टिस’मध्ये अशा आतडेसफाईचा आढावा घेतला: फायद्याला भक्कम पुरावा नाही, उलट पेटके, उलट्या, क्षारांचा असमतोल, अगदी किडनी निकामी होण्यापर्यंतच्या नोंदी आहेत.

राहिला ‘डॉक्टर हे लपवतात’ हा आरोप. कोलोनोस्कोपीआधी आतडं रिकामं करायला डॉक्टरच मोजून औषध देतात. त्यातल्याच सोडियम फॉस्फेटच्या गोळ्यांवर अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) २००८ मध्ये किडनीच्या धोक्याचा ठळक इशारा छापायला लावला.