'च'चा काच

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज दर दोन-तीन महिन्यांनी नव्या फुलांचा फोटो लावून परत येतो. मजकूर थोडक्यात असा: माणसाच्या मनात दिवसाला साठ हजार विचार येतात, त्यातले ऐंशी टक्के नकारात्मक. तसा विचार आला की लगेच 'कॅन्सल, कॅन्सल' म्हणा. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून 'मी हुशार आहे, मी यशस्वी आहे' म्हणा, २१ दिवसांत मेंदू बदलतो. आणि शेवटी, वास्तू 'तथास्तु' म्हणत असते, जसं बोलाल तसं घडेल. खाली पंधरा-वीस अंगठे आणि जोडलेले हात.

यावेळी मी अंगठा दिला नाही. सकाळी दादरला नोकरी करून संध्याकाळी मी भांडुपला दहावीच्या शिकवण्या घेते. 'मी ढ आहे' हे वाक्य माझ्या कानावर रोज पडतं. मनातल्या मनात स्वतःला टोचून बोलण्याचा त्रास खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद औषधाबद्दल आहे.

आधी तो आकडा. साठ हजारामागे कधी अमेरिकेतल्या एखाद्या विज्ञानसंस्थेचं नाव लावलेलं असतं, अहवाल मात्र कुणी जोडत नाही. २०२० मध्ये कॅनडाच्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी मेंदूच्या स्कॅनवरून एक विचार संपून दुसरा कधी सुरू होतो ते टिपलं. त्यांचा अंदाज दिवसाला सहा हजारांच्या थोडा वर. म्हणजे एक शून्य उडालं. आणि विचार चांगला की वाईट, हे त्यांनी मोजलंच नव्हतं, त्यामुळे ऐंशी टक्क्यांचा प्रश्न तिथे येत नाही.

२१ दिवसांचंही तसंच. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जननं १९६० मध्ये लिहिलं होतं की बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला किमान २१ दिवस लागतात. त्यातला 'किमान' वाटेत कुठेतरी गळला. २०१० मध्ये लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात साधी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. बाविसाव्या दिवशी 'माझ्यात तेवढाही दम नाही' म्हणून स्वतःला आणखी एक शिवी घालणारे लोक मी पाहिलेत.

'कॅन्सल'चा प्रयोग मी स्वतः आठवडाभर केला. लोकल चुकली की माझ्या डोक्यात ठरलेलं वाक्य वाजतं, 'मी कायमच धांदरट.' म्हटलं कॅन्सल. भांडुप ते घाटकोपर ते वाक्य चार वेळा आलं आणि चार वेळा कॅन्सल झालं. एरवी एकदा चरफडून मी मोबाईल काढला असता. १९८७ मध्ये डॅनिएल वेग्नर या मानसशास्त्रज्ञानं विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजत राहिली. पुढे विचार करायची मुभा दिल्यावर, ज्यांना पहिल्यापासून मुभा होती त्यांच्यापेक्षाही या मंडळींच्या डोक्यात अस्वल जास्त वेळा आलं.

आता आरसा. इथे जरा थांबते, कारण हा सल्ला सगळ्यात गोड आहे आणि ज्याला खरी गरज त्यालाच तो बाधतो. २००९ साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जोआन वूड आणि सहकाऱ्यांनी काही जणांना घंटा वाजली की मनाशी 'मी प्रेम करावं अशी व्यक्ती आहे' असं म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीपासून बरं होतं त्यांना किंचित आणखी बरं वाटलं. ज्यांचं वाईट होतं त्यांना, वाक्य न म्हणणाऱ्या आपल्यासारख्याच लोकांपेक्षा जास्त वाईट वाटलं. खोटं बोलतोय हे बोलणाऱ्यालाच ठाऊक असतं ना.

माझ्याकडे एक मुलगा होता. सहामाहीला गणित भाग १ मध्ये ४० पैकी ११. घरी आरशावर आईनं चिठ्ठी चिकटवली होती, 'मी गणितात हुशार आहे.' तो म्हणाला, "टीचर, ती वाचली की मला अकरा दिसतात." मी त्याला वहीच्या मागच्या पानावर मनात येतं ते वाक्य लिहायला सांगितलं. त्यानं लिहिलं, 'मला गणित जमतच नाही.' मी लाल पेनानं 'जमतच'मधल्या 'च'भोवती गोल काढला आणि पेपर उघडला. वर्गसमीकरणं दोन्ही बरोबर. रेषीय समीकरणांची जोडी दिली होती, तीही सुटलेली. वयाचं उदाहरण कोरं. नावेचं कोरं. मग त्यानंच खाली लिहिलं, 'मला दिलेलं समीकरण सोडवता येतं. शाब्दिक उदाहरणातून ते मांडताना अडतो.' आरशावर लावण्यासारखं हे वाक्य नाही. पण उद्या वयाची दोन उदाहरणं करायची, एवढं त्यातून कळतं. आरशावरच्या चिठ्ठीतून काय कळत होतं?

मराठीत मन स्वतःला झोडपतं तेव्हा बहुतेक वेळा हा 'च' हातात असतो. माझंच चुकतं. नेहमीच असं होतं. आता काहीच होणार नाही. गोल काढायचा आणि विचारायचं, नेहमीच? परवासुद्धा? ('ढ'ला 'च' लागत नाही, तो एकटाच पुरतो. तिथे विचारायचं, कुठल्या धड्यात? आणि हे लिहिताना माझे किती 'च' झाले ते मोजू नका.) उलट 'आज अभ्यास केलाच नाही' यातला 'च' खरा असेल, तर तो पुसायचा नाही, अभ्यासाला बसायचं.

हे माझं डोकं नव्हे. १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात अॅरन बेक या मानसोपचारतज्ज्ञाच्या लक्षात आलं की असे विचार आपोआप, झर्रकन येऊन जातात आणि माणूस ते न तपासता खरे धरतो. त्यांची रीत अशी: पकडा, लिहून काढा, पुरावा बघा. त्याच्याही आधी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं बोट ठेवलं होतं ते 'झालंच पाहिजे' या हट्टावर. मुंबईत कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षं पत्रव्यवहार करून त्यांची उपचारपद्धत आत्मसात केली आणि इथे शिकवली. उलटं वाक्य घोकायला यांपैकी कुणीही सांगत नाही.

एक 'च' मात्र वहीत घालून बसण्याचा नाही. 'मी नसलेलीच बरी' असं मनात येत असेल तर कॅन्सल नको, गोलही नको. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या हॉस्पिटलांत मानसोपचाराची ओपीडी आहे.

राहिली वास्तू. वाईट बोलू नये म्हणून आजी दटावायची, त्यात माया होती, शिव्याशाप थोपवण्याची सोय होती. पण तीच गोष्ट आजारी माणसाच्या अंगावर येते तेव्हा भयंकर होते. माझ्या मावशीची केमो चालू आहे. ग्रुपवर हा मेसेज आला की ती दोन दिवस गप्प. 'मीच वाईट विचार केले असतील' हे तिचं वाक्य. फिनलंड आणि स्वीडनमधल्या जवळपास ६० हजार लोकांची नोंद २०१० मध्ये तपासली गेली (साठ हजार इथे मात्र खरे आहेत). चिंता करण्याच्या स्वभावाचा कॅन्सर होण्याशी काही संबंध सापडला नाही. हे मी मावशीला सांगितलं. ती बराच वेळ चहाची बशी फिरवत बसली, मग म्हणाली, "मला भीती वाटते गं."

"कशाची?"

मला वाटलं होतं, आता मोठं काहीतरी येणार. तिला भीती होती परळ स्टेशनच्या पुलाची. केमोनंतर त्या पायऱ्या चढताना मागून गर्दी ढकलते, आपण पडणार आणि सगळ्यांचा खोळंबा करणार, हे ती तीन आठवडे मनात कॅन्सल करत होती. मावसभावानं आता केमोच्या दिवशी टॅक्सी ठरवली आहे.