‘गोळ्या आजच बंद करा’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच संदेश मला तीन नातेवाइकांनी पाठवला. त्याचा सारांश असा: मनोविकाराच्या गोळ्या घेणाऱ्याचं तोंड आपोआप हलायला लागलं, हातपाय थरथरायला लागले, की औषध मेंदू पोखरतंय असं समजा. गोळ्या त्याच दिवशी बंद करा, आठवड्यात सगळं थांबेल. नाही थांबलं तर ती सवय आहे, मन घट्ट केलं की जाते. नव्या गोळ्यांनी असं होत नाही. आणि एकदा जडलं की त्यावर इलाज नाही.

माझा धाकटा भाऊ चौदा वर्षं स्किझोफ्रेनियाची औषधं घेतोय. त्याची जीभ गालात आतून फिरत असते, ओठ चघळल्यासारखे हलतात. म्हणूनच हा संदेश माझ्याकडे आला. पाठवणाऱ्यांना आमची काळजी आहे, हे मला कळतं. पण त्यातला एक सल्ला आम्ही करून बसलो आहोत, म्हणून मुद्दा धरून लिहिते.

‘औषध मेंदू पोखरतंय.’ हालचाली औषधामुळे होतात, हे खरं आहे आणि ते कुणी लपवू नये. क्लोरप्रोमाझिन हे मनोविकारावरचं औषध 1952 मध्ये वापरात आलं आणि काही वर्षांतच डॉक्टरांनी अशा रुग्णांची वर्णनं लिहायला सुरुवात केली. ‘टार्डिव्ह डिस्कायनेशिया’, म्हणजे उशिरा येणाऱ्या अनैच्छिक हालचाली, हे नाव 1964 पासूनचं आहे. ही औषधं मेंदूत डोपामिनला, म्हणजे निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाला, अडवतात. भास-भ्रम त्यामुळे कमी होतात, पण शरीराची हालचाल सांभाळणाऱ्या भागालाही डोपामिन लागतं, तिथेही अडवणूक होते. पोखरण्याचा यात संबंध नाही.

संदेशाची मोठी चूक पुढे आहे. तो सगळ्या हालचाली एकाच पोत्यात भरतो. गोळी किंवा इंजेक्शन सुरू झाल्यावर काही तासांत किंवा पहिल्या काही दिवसांत मान वाकडी होणं, डोळे वर चढणं, जबडा आखडणं याला डिस्टोनिया म्हणतात. बघणाऱ्याचा थरकाप उडतो, पण योग्य इंजेक्शनने तो बहुधा अर्ध्या तासात सुटतो. मात्र श्वासाला किंवा गिळायला त्रास होत असेल, किंवा ताप चढून अंग लाकडासारखं कडक झालं असेल, तर थेट दवाखाना गाठायचा. काही आठवड्यांत हात थरथरणं, पावलं घासत चालणं, चेहरा कोरा होणं हा पार्किन्सनसारखा प्रकार. आणि महिन्यांनी, वर्षांनी येते ती टार्डिव्ह.

एक प्रकार मी वेगळा ठेवला, कारण त्याने आमचे चार महिने खाल्ले. भाऊ बसायचा आणि अर्ध्या मिनिटात उठायचा. उभा राहिला की एका पायावरून दुसऱ्या पायावर झोके. रात्री खोलीत येरझाऱ्या, इतक्या की चटईचा एक पट्टा झिजला. आजार बळावतोय असं वाटून तेव्हाच्या डॉक्टरांनी डोस वाढवला, आणि येरझाऱ्याही वाढल्या. पुढे दुसऱ्या डॉक्टर भेटल्या. त्यांनी त्याला एवढंच विचारलं, “ही बेचैनी मनातून येते की पायातून?” तो लगेच म्हणाला, “पायातून.” तो अकॅथिसिया होता, म्हणजे औषधामुळे येणारी, बसू न देणारी तळमळ. डोस उतरवला, सोबत प्रोप्रानोलॉल दिलं (दमा असेल तर हे चालत नाही, हे त्यांनी आधी विचारून घेतलं) आणि काही दिवसांत तो पूर्ण जेवण एका जागी बसून जेवला. ही तळमळ इतकी असह्य असते की माणसाच्या मनात जीव द्यायचे विचार येऊ शकतात. तिला ‘चंचलपणा’ म्हणून सोडून देऊ नका.

‘आजच बंद करा, आठवड्यात थांबेल.’ हे आम्ही केलं. जीभ हलायला लागल्यावर घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि गोळ्या थांबवल्या. दोन आठवड्यांत हालचाल कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाली. नंतर कारण समजलं: जे औषध टार्डिव्ह निर्माण करतं तेच तिला काही काळ झाकूनही ठेवतं. झाकण अचानक काढलं की खालचं उघडं पडतं. सहाव्या आठवड्यात त्याला भासाचे आवाज परत ऐकू यायला लागले. भावाने खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली आणि आईच्या हातचं खाणं सोडलं.

आमचं घर अपवाद नव्हतं. 2012 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 65 चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला. वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाण औषध चालू ठेवणाऱ्यांत 27 टक्के होतं, बंद करून नकली गोळी घेणाऱ्यांत 64 टक्के. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं, काहींचं बंदही करता येतं. पण ते पायरीपायरीने, डॉक्टरांच्या नजरेखाली.

‘सवय आहे, मन घट्ट करा.’ या वाक्याचा मला सर्वांत जास्त राग येतो. हालचाल क्षणभर दाबता येते, म्हणून बघणाऱ्याला ती हातातली वाटते. लक्ष दुसरीकडे गेलं की ती परत येते, ताणाने वाढते, झोपेत थांबते. पुष्कळदा त्या माणसाला स्वतःला ती जाणवतही नाही. आमच्याकडे एक पाहुणे दर पाच मिनिटांनी “तोंड बंद ठेव” म्हणायचे. त्या दिवशी भावाच्या हातातला पेला दातांवर आपटत राहिला आणि पाणी शर्टवर सांडलं. पाहुणे गेल्यावर तासाभरात तोच पेला त्याने नीट रिकामा केला. आता आम्ही टोकत नाही. पेला अर्धाच भरतो, जेवायला घाई करत नाही, दात आणि गाल आतून जखमी झालेत का ते बघतो, झोप मोडू देत नाही.

‘नव्या गोळ्यांनी होत नाही.’ कमी होतं, पण होतं. नव्या गोळ्यांपैकी क्लोझापिन आणि क्वेटियापिनचा धोका कमी, तर रिस्पेरिडोनचा डोस वाढत गेला की त्रासही वाढू शकतो. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड मनोविकाराचं औषध नाही, तरी फार दिवस घेतल्यास त्यानेही टार्डिव्ह होते.

‘इलाज नाही.’ सगळ्यांची टार्डिव्ह पूर्ण जात नाही, हे मान्य. पण 2017 मध्ये अमेरिकेत खास तिच्यासाठी व्हॅल्बेनाझिन आणि ड्यूटेट्राबेनाझिन या दोन औषधांना मंजुरी मिळाली. त्यांच्याच जातीचं टेट्राबेनाझिन त्याआधीपासून वापरात आहे, मात्र त्याने मन उदास होऊ शकतं, तिकडे लक्ष ठेवावं लागतं. एक गोष्ट ठळक सांगते: थरथरीसाठी दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी टार्डिव्ह वाढवू शकते. ती वर्षानुवर्षं चालू असेल तर का चालू आहे, हे डॉक्टरांना विचाराच. मनाने थांबवू मात्र नका.

लवकर दिसलं तर हातात पर्याय जास्त राहतात. त्यासाठी डॉक्टर दहाएक मिनिटांची एक तपासणी करतात: चप्पल-मोजे काढून हात नसलेल्या खुर्चीवर बसवायचं, तोंड उघडून जीभ बघायची, अंगठ्याने एकेका बोटाला भराभर टेकवायला लावायचं आणि तेवढ्यात चेहरा, पाय न्याहाळायचे. भावाची ही तपासणी दर तीन महिन्यांनी होते. मधल्या काळात मी फोनवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढते, त्याला विचारून, आणि तारीख लिहून ठेवते. मागच्या खेपेला पायाची बोटं हलताहेत हे मला व्हिडिओतच दिसलं. डॉक्टरांना दाखवलं, आणि त्यांनी डोस थोडा उतरवला.