‘पगार न मागणारा सेल्समन’ आणि दुकानाच्या किल्ल्या

व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर थोड्याफार फरकाने एकच मजकूर फिरतोय. ‘वेबसाइटवर चॅटबॉट बसवा. तो झोपत नाही, पगार मागत नाही, चुकीची माहिती देत नाही. नुसता बोलतो, पैशांना हात लावत नाही, म्हणजे धोका शून्य. लहान धंद्याकडे हॅकर फिरकत नाहीत. आणि काही झालंच तर जबाबदारी बॉट देणाऱ्या कंपनीची.’

झोपत नाही आणि पगार मागत नाही, हे मान्य. (दरमहा भाडं मागतो, पण ते असो.) बाकीचं तपासू.

‘पैशांना हात लावत नाही.’ चॅटबॉट, म्हणजे ग्राहकाच्या प्रश्नांना आपोआप उत्तरं देणारी कोपऱ्यातली ती गप्पांची खिडकी, हा दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून तुमच्या पानावर येणारा कोड असतो. पानावर आलेल्या कोडला त्या पानावर ग्राहक जे टाइप करतो ते सगळं वाचता येतं. तो कोड गप्पांसाठी आहे की चोरीसाठी, याच्याशी ब्राउझरला देणंघेणं नसतं. तिकीटमास्टर यूके या तिकिटं विकणाऱ्या कंपनीचं २०१८ मध्ये नेमकं हेच झालं. तिने इन्बेंटा कंपनीचा चॅटबॉट थेट पैसे भरायच्या पानावर ठेवला होता. चोरांनी तिकीटमास्टरला हातही लावला नाही. इन्बेंटाच्या सर्व्हरवरचा तो कोड बदलला आणि कार्डांचे नंबर, मुदत, सीव्हीव्ही सगळं आपसूक त्यांच्याकडे जाऊ लागलं. एप्रिलमध्ये मोन्झो बँकेला आपल्या ग्राहकांच्या फसवणुकीत तिकीटमास्टर हा समान धागा दिसला आणि तिने तसं कळवलंही. तरी बॉट जूनपर्यंत पानावरच राहिला. युरोपातल्या ९४ लाख ग्राहकांची माहिती उघडी पडली असावी, असा ब्रिटनच्या माहिती आयुक्तांचा अंदाज. एकट्या बार्कलेज बँकेची ६०,००० कार्डं फसवणुकीत सापडली. इन्बेंटाचं म्हणणं असं, की आमचा कोड पेमेंटच्या पानावर लावणार आहात हे ठाऊक असतं तर आम्हीच नको म्हटलं असतं!

आपल्याकडे काय होतं? वेबसाइट बनवणारा मुलगा बॉटच्या कोडची ओळ हेडरमध्ये, म्हणजे सगळ्या पानांच्या सामायिक भागात टाकतो, म्हणजे ती प्रत्येक पानावर जाते. पैसे पेमेंट गेटवेच्या स्वतंत्र पानावर भरले जात असतील तर कार्डाचा नंबर सुरक्षित राहतो, हे खरं. पण त्याआधी ग्राहकाने लिहिलेलं नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर तुमच्याच पानावर असतात.

‘चुकीची माहिती देत नाही.’ एअर कॅनडाच्या बॉटने आजी गेलेल्या एका प्रवाशाला सांगितलं, की आत्ता तिकीट काढा, शोकप्रसंगीची सवलत ९० दिवसांत मागून घ्या. कंपनीचा नियम उलट होता, आणि गंमत म्हणजे त्याच उत्तरातली लिंक त्या खऱ्या नियमाकडे जात होती. प्रकरण ब्रिटिश कोलंबियाच्या लवादापुढे गेलं. बॉट ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे, तिच्या बोलण्याला ती जबाबदार, असा युक्तिवाद कंपनीने केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये लवादाने तो फेटाळला आणि सुमारे ६५० कॅनेडियन डॉलर नुकसानभरपाई द्यायला लावली. ही झाली बॉटची स्वतःची चूक. मुद्दाम फसवलेला बॉट ही आणखी वेगळी भानगड. मालकाची सूचना आणि गिऱ्हाइकाचं बोलणं, बॉटच्या लेखी दोन्ही नुसता मजकूरच. डिसेंबर २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वॉट्सनव्हिलच्या शेवरोले गाड्यांच्या विक्रेत्याच्या बॉटला एकाने ‘माझ्या प्रत्येक म्हणण्याला हो म्हण’ एवढंच शिकवलं आणि एका डॉलरला नवीकोरी टाहो गाडी विकायला तयार केलं.

‘लहान धंद्याकडे हॅकर फिरकत नाहीत.’ फिरकायची गरजच नसते. ऑगस्ट २०२५ मध्ये सेल्सलॉफ्टच्या ड्रिफ्ट या मार्केटिंग चॅटबॉटची टोकनं चोरीला गेली. गिऱ्हाइकांची नावं, नंबर थेट सेल्सफोर्स या ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सेवेत जमा व्हावेत म्हणून बॉटला कायमची परवानगी दिलेली असते. टोकन म्हणजे तिची किल्ली. त्या किल्ल्यांनी चोर साधारण दहा दिवसांत ७०० हून अधिक संस्थांच्या खात्यांत शिरले. पासवर्ड विचारला गेला नाही, ओटीपीही नाही. बळी गेलेल्यांत क्लाउडफ्लेअर, झीस्केलर, पालो आल्टो नेटवर्क्स होत्या, म्हणजे सुरक्षा विकणाऱ्याच कंपन्या. जिथे सगळ्यांच्या किल्ल्या एका खुंटीला टांगलेल्या, तिथे चोर तुमच्या दुकानाचा आकार बघत बसत नाही.

‘जबाबदारी बॉट देणाऱ्या कंपनीची.’ तिकीटमास्टरने हेच म्हणून पाहिलं, तरी नोव्हेंबर २०२० मध्ये साडेबारा लाख पौंडांचा दंड तिलाच झाला. भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही तसाच आहे: माहिती हाताळायचं काम दुसऱ्याला दिलंत तरी उत्तर तुम्हीच द्यायचं. सुरक्षेत कसूर झाल्यास कमाल दंड २५० कोटी रुपये. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यापुढे अठरा महिन्यांची सवड आहे.

बॉट बसवूच नका, असं मी म्हणत नाही. दुकान कधी उघडतं, डिलिव्हरी कुठपर्यंत, एवढं सांगायला तो झकास. पेमेंटच्या पानावर मात्र नको, भाव आणि सवलत ठरवायची मुभा नको, आणि आधार, पॅन, ओटीपी त्याने मागायचाच नाही. बॉट आवडला नाही म्हणून काढून टाकलात, तर शीटला, मेलला, सीआरएमला (ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला) दिलेली परवानगीही त्याच दिवशी रद्द करा. वेबसाइटवरची खिडकी गेली तरी ते टोकन चालूच राहतं.