अस्सल नकली बॅट घ्यायचीय? मग असं करा

उन्हाळी शिबिरं सुरू होतायत. घरातलं एखादं दहा-बारा वर्षांचं कार्टं 'आता सीझन बॉलवरच खेळणार' (म्हणजे चामड्याच्या टणक चेंडूवर) म्हणून हटून बसलं असेल, तर बॅट घेणं आलं. आणि घ्यायचीच तर नकली घ्या, असा माझा प्रेमाचा सल्ला आहे. अस्सल बॅटच्या मागे लागायला तुम्ही काय रिकामटेकडे आहात? नकली बॅट कुठेही मिळते, घरपोच मिळते. फक्त थोडं पथ्य पाळावं लागतं.

पहिलं पथ्य : लाकूड बघू नका, स्टिकर बघा. आपल्याकडे टायर बनवणाऱ्या कंपनीचं नाव बॅटवर असल्याशिवाय कव्हर ड्राइव्ह बसत नाही, हे पोरांना पाळण्यापासून ठाऊक असतं. 1996 च्या वर्ल्ड कपमध्ये सचिन बॅटवर कुठल्याही प्रायोजकाचं स्टिकर न लावता खेळला आणि स्पर्धेत सर्वांत जास्त, 523 धावा करून बसला. तो अपवाद. तुमच्या चिरंजीवांना स्टिकर लागणारच. आणि त्यासाठी बॅटही घ्यायला नको. पुढचं, मागचं, कडांचं असा अख्खा सेट शे-दोनशे रुपयांत सुटा मिळतो, राजरोस, 'ओरिजिनल' असं लिहून. हे सेट विकत कोण घेतं, असले आगाऊ प्रश्न विचारू नका.

दुसरं : दुकानदार 'इंग्लिश विलो' म्हणाला की मान डोलवा. विलो म्हणजे ज्याच्या लाकडाची बॅट करतात ते झाड. इंग्लंडात इसेक्सकडे ही झाडं मुद्दाम लावतात, पंधरा-वीस वर्षं वाढवतात, मग कापतात. ओंडके चिरून, वाळवून फळ्या मेरठ-जालंधरला बॅटच्या कारखान्यांत येतात. म्हणून ती बॅट महाग. आपल्या काश्मीरचं विलो तिच्याहून जड, रंगाला तांबूस, आणि बरंच स्वस्त. त्यात कमीपणा काहीच नाही. अनंतनाग जिल्ह्यात बिजबेहारा-संगमच्या रस्त्याला फळ्यांच्या चळतीच्या चळती वाळत पडलेल्या असतात, आणि 2021 च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये ओमानचे काही खेळाडू काश्मिरी बॅट घेऊनच उतरले होते. शिकाऊ पोराला दोन-तीन हजारांची काश्मीर विलो पुरून उरते. पण दोन हजारांचा माल दोन हजारांना विकला तर धंदा कसला? त्याला ब्लीच मारायचं, पांढरा करायचा, वर पारदर्शक शीट चिकटवायची आणि आठ-नऊ हजारांना इंग्लिश म्हणून खपवायचा. गंमत म्हणजे काश्मीर विलो म्हणून पॉप्लर या दुसऱ्याच झाडाचं लाकूडही खपवतात. म्हणजे नकलीतही नकली!

तिसरं : ग्रेडवर डोळे मिटून विश्वास ठेवा. 'ग्रेड वन', 'ग्रेड वन प्लस', 'प्लेयर्स एडिशन', 'लिमिटेड', 'रिझर्व्ह'. यातलं एकही सरकारी मानक नाही, जो तो आपापली ग्रेड लावतो.

चौथं : वजनकाट्यावर ठेवू नका. उगाच मन खट्टू होतं.

पाचवं : पक्कं बिल मागू नका. 'बिल घेतलं तर वेगळा रेट' हे वाक्य ऐकून ज्याला राग येतो तो अजून या देशात नवा आहे.

सहावं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं : ऑनलाइन घ्या. परवा मी माझ्या भाचीसाठी घेतली. चौदा वर्षांखालच्या निवडचाचण्या तोंडावर आलेल्या, पोरगी हुशार, म्हटलं मामाकडून एक बरी बॅट. नावाजलेली साइट, हिरवी खूण, चार तारे, 'इंग्लिश विलो', नऊ हजारांच्या घरातली किंमत. बॅट आली. दिसायला देखणी. आता सीझन बॉलची नवी बॅट आणली आणि मैदानात उतरलो असं होत नाही, हे क्रिकेट खेळणाऱ्या कुणालाही सांगायला नको. आधी जवसाचं तेल द्यायचं, मग लाकडी मोगरीने बॅटची पुढची बाजू आणि कडा ठोकत बसायचं, तासन् तास. शेजारच्या काकूंनी वर येऊन 'सुताराला बोलावलंय का' असं विचारेपर्यंत मी ठोकली. त्याआधी तेल द्यायचं म्हणून शीट काढली होती, तेव्हाच शीटबरोबर पांढरा रंग उठला होता. खाली तांबूस लाकूड. मागचं स्टिकर एका कोपऱ्यात फुगलं होतं, ते नखाने उचललं तर त्याच्याखाली दुसऱ्याच कंपनीचं स्टिकर! भाची काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिली. नेटमध्ये पायाशी टप्पा पडणारा यॉर्कर तळाला लागला आणि तळाचा ढलपा निघाला.

तक्रार केली. उत्तर काय आलं? 'वापरलेली वस्तू परत घेतली जात नाही.' अरे, बॅट न वापरता ती नकली आहे हे कळणार कसं? तेल दिलं की ती वापरलेली. तेल न देता खेळलं की फुटणार, आणि मग तुम्ही म्हणणार की ग्राहकाने नीट तयार केली नाही. न खेळता, न ठोकता, सात दिवस नुसती पूजेला ठेवायची का? पुढे लिहितात, नकली असल्याचा मूळ कंपनीचा लेखी दाखला पाठवा. कंपनीला मेल केला. कंपनी म्हणाली, फोटोवरून सांगता येत नाही, आणि हा विक्रेता आमचा अधिकृत विक्रेता नाही, तेव्हा आमचा संबंध नाही. पुन्हा साइटकडे. साइट म्हणते, आम्ही फक्त मंच आहोत, विकणारा दुसरा. विकणाऱ्याचा फोन लागत नाही आणि पत्ता बघावा तर नुसताच गाळा नंबर, गावाचं नावसुद्धा नाही. आणि या सगळ्यात प्रत्येक मेलच्या शेवटी 'आमच्या सेवेला किती तारे द्याल?'

तारे! दिवसा दिसले तेवढे पुरेत.

सातवं : कायद्यावर श्रद्धा ठेवा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत लिहिलंय की तक्रार अधिकाऱ्याचं नाव-पत्ता साइटवर हवं, 48 तासांत पोच द्यायची, महिन्यात निकाल लावायचा. पोच मला मिळाली, ती मशिनने पाठवलेली. ट्रेडमार्क कायद्यात खोटा ब्रँड लावून विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड आहे. मात्र छापा घालायचा तर पोलीस अधिकारी उपअधीक्षकापेक्षा खालचा चालत नाही, आणि त्यानेही आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घ्यायचं. मत येईपर्यंत विकणारा आहे तो माल विकून, पुढचा माल भरून मोकळा.

तिकडे गोल्फवाल्यांचं बघा. त्यांच्याही काठ्यांच्या नकला निघतात, हुबेहूब. पण काठ्या बनवणाऱ्या अमेरिकेतल्या कंपन्या, एरवी एकमेकींच्या कट्टर स्पर्धक, यासाठी एकत्र आल्या, आणि चीनच्या पोलिसांबरोबर काम करून तिथले कारखाने-गोदामांवर छापे पडले. आमच्या बॅटवाल्या कंपन्या? खोक्यावर एक होलोग्राम चिकटवतात. होलोग्रामही सुटा मिळतो.

आता ही थट्टा पुरे. साइटवाल्यांनो, 'आम्ही फक्त मंच' हे नाटक बंद करा. पैसे तुमच्या खात्यात येतात, खोक्यावर तुमची चिकटपट्टी असते, जाहिरातीत तुम्ही 'शंभर टक्के अस्सल' म्हणता, आणि माल नकली निघाला की तुम्ही कुणीच नाही? नऊ हजारांची इंग्लिश विलो जो विकतोय त्याच्याकडे कंपनीचं अधिकारपत्र आहे का, एवढं विचारायला कुठलं तंत्रज्ञान लागतं? मी काय शोधलं, कुठे थांबलो, कार्टात काय ठेवलं हे तुम्हाला पक्कं ठाऊक. विकणाऱ्याचा पत्ता तेवढा ठाऊक नाही! कंपन्यांनो, तुमचं नाव रोज चोरीला जातंय आणि तुम्ही ग्राहकालाच सांगता की चोराशी आमचा संबंध नाही. मग फिर्याद कोण देणार, माझी भाची?

आणि तुम्ही, हो तुम्हीच, वाचून मान हलवणारे. पोराच्या काश्मीर विलोवर शे-दोनशेचं स्टिकर डकवून सोसायटीत 'इंग्लिश आहे' म्हणून सांगता ना? बिलाशिवाय हजार रुपये वाचले म्हणून खूश होता ना? या चोरांचं गिऱ्हाईक तुम्हीच. आणि फसलात की 'जाऊ दे' म्हणून गप्प बसता. का जाऊ दे? 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, फिरवा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात फी पडत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि विक्रेता कुठल्याही राज्यातला असो, तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते. मी केलीय. ढलपा निघालेली ती बॅट, दोन्ही स्टिकरं आणि मेलचे कागद सगळं जोडलंय. त्या साइटच्या वकिलाने येऊन आयोगासमोर सांगावं की बॅटला तेल का द्यायचं नसतं.