मोहफुलांच्या टोपलीपुढे हसण्याआधी

आज आमच्या गावच्या आठवडी बाजारात शहरातून आलेल्या एका कुटुंबाने मोहफुले विकणाऱ्या आजीबाईंसमोर मोबाइल धरला आणि "ही बघा, दारूची फुलं" असे म्हणून सगळे खदखदून हसले. आजीबाई काहीच बोलल्या नाहीत; त्यांनी फुलांत अडकलेली एक काडी वेचून बाजूला टाकली. माझा संताप अजून उतरलेला नाही.

लहानपणी चैत्रात माझी आजी मला तांबडे फुटण्यापूर्वी मोहाखाली घेऊन जात असे, कारण उशीर झाला की गळलेली फुले गुरे आणि हरणे फस्त करीत. ओली फुले फिकट पिवळी, रसाने टच्च भरलेली असत आणि अंगणात वाळली की मनुक्यासारखी तांबूस होत. पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की आजी तीच फुले भाजून, तिळासोबत उखळात कुटून लाडू वळत असे. त्या लाडवांवर आमचे कितीतरी दिवस निघाले आहेत आणि त्याच अन्नाला हे लोक हसतात!

मोहाची दारू गाळतात, हे मी नाकारत नाही. परंतु आमच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती यावी म्हणून आजीबाईंसारख्याच गावोगावच्या बाया रस्त्यावर उतरल्या होत्या. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे मोहफुलांसारख्या जंगलातल्या मालावर, जंगलात राहणाऱ्यांची मालकी मान्य केली. आमच्याच धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला. त्या टोपलीतली फुले म्हणजे आजीबाईंचा हक्काचा माल आहे, पाहुण्यांच्या करमणुकीचे साधन नव्हे.

पाहुण्यांमुळे बाजारात चार पैसे येतात, हे मान्य. त्यांनी जरूर यावे, चारोळी घ्यावी, बुरडाकडचे सूप हातात धरून त्याची वीण पाहावी. फक्त एखादी वस्तू ओळखीची नसेल, तर हसण्याआधी "आजी, हे कसं खातात?" एवढे विचारावे. माझ्या आजीला कोणी असे विचारले असते, तर तिने त्याला घरी नेऊन लाडू खाऊ घातला असता.

ते कुटुंब गेल्यावर मी एक पायली फुले घेतली. आजीबाईंनी पायली शिगोशीग भरली, वर आणखी एक मूठ टाकली आणि म्हणाल्या, "भाजून तिळासंग कूट बाई, गोड लागते." उद्या आईला विचारून लाडू वळणार आहे, त्यात गूळ घालावा लागत नाही, एवढे मला पक्के आठवते.