पदवीनंतर १५ महिन्यांनी

देशातील जेमतेम ५१.२५ टक्के तरुण रोजगारक्षम आहेत, असा अंदाज २०२३-२४च्या केंद्रीय आर्थिक पाहणी अहवालात आला आणि ‘मुलांना काही येतच नाही’ हा आपल्याकडील जुना सूर पुन्हा टिपेला गेला. इंग्लंडमधील विद्यापीठात शिकवत असल्यामुळे हा सूर मला अनोळखी नाही. मात्र नोकरीची पात्रता आणि प्रत्यक्ष नोकरी यांत गल्लत करू नका, असे उच्च शिक्षणाचे अभ्यासक ली हार्वे यांनी इथे २००१ मध्येच बजावले होते. कारण सारख्याच गुणवत्तेच्या दोन पदवीधरांना मिळणाऱ्या संधी त्यांचे वय, वर्ग, वंश, लिंग आणि विद्यापीठाचे नाव यांनुसार बदलतात. याच विषयाचे अभ्यासक मायकेल टॉमलिन्सन यांनी २०१७ मध्ये ओळखीपाळखींनाही पदवीधराच्या ‘भांडवलात’, म्हणजे नोकरीसाठी कामी येणाऱ्या शिदोरीत, रीतसर जागा दिली.

त्याचा अर्थ समजायला माझ्या भाचीचे उदाहरण पुरेसे आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.कॉम.ला ४ श्रेयांकांचे (क्रेडिट्सचे) कार्यप्रशिक्षण, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण, आहे. ते तिने वडिलांच्या मित्राच्या सीए कार्यालयात जीएसटीची विवरणपत्रे भरत पूर्ण केले. तिच्या वर्गातील, शेतमजुरांच्या घरातून आलेल्या मुलीला शिक्क्याचा कागद तेवढा मिळाला. गुणपत्रिकेवर दोघींचे श्रेयांक सारखेच आहेत.

ब्रिटिश व्यवस्था आदर्श आहे, असे मी मुळीच म्हणणार नाही. पूर्णवेळ पदवीच्या किमान ६० टक्के विद्यार्थ्यांनी पुढे व्यावसायिक दर्जाची नोकरी, उच्च शिक्षण किंवा तत्सम मार्ग धरावा, ही नियामकाची अट साहित्य-इतिहासाच्या विभागांच्या मानेवर टांगती तलवार होऊन बसली आहे. (आजारी आईची देखभाल करणारा पदवीधर ‘सकारात्मक’ गणला जातो आणि कॅफेत काम करणारा नाही, हे कोष्टक पाहताना दर वर्षी नवल वाटते.)

तरीही एक गोष्ट उचलण्याजोगी आहे. पूर्वी इथली विद्यापीठे आपल्याच पदवीधरांना ‘सध्या काय करता’ असे पदवीनंतर सहा महिन्यांनी विचारत. २०१७-१८च्या तुकडीपासून ते काम मध्यवर्ती यंत्रणेकडे गेले आणि अवधी १५ महिन्यांचा झाला. आपल्याकडे एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था-क्रमवारीसाठी नोकरी-पगाराचे आकडे संस्थाच पुरवते. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला दरमहा १० हजार रुपये विद्यावेतन देणाऱ्या राज्याने, त्याचे पुढे काय झाले हे त्रयस्थ यंत्रणेकडून विचारून घ्यावे आणि उत्तरे महाविद्यालय, विषय, जिल्हा व सामाजिक प्रवर्ग यांनुसार जाहीर करावीत.