वाचन शिस्तीनं होत नाही, सोयीनं होतं

"वाचायची लई आवड हाय, पण वेळच मिळत न्हाई." आपल्या कोल्हापुरात तालमीच्या कट्ट्यावर, रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांत, ऑफिसच्या चहाला, कुठंही हे ऐकायला मिळतं. माझं मत उलटं आहे. वेळ असतो, सोय नसते. पुस्तक कपाटाच्या वरच्या फळीवर, त्याच्यापुढं फुलदाणी आणि लग्नाचा फोटो, आणि मोबाइल मात्र उशीखाली. मग हात कुणाकडं जाणार?

हिशेब करून बघा. डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या आकाराच्या मराठी पुस्तकात पानाला साधारण २५० ते ३०० शब्द बसतात. निवांत वाचणारा मिनिटाला दीडशे-दोनशे शब्द सहज वाचतो. म्हणजे रोजच्या २० मिनिटांत बाराएक पानं, आणि २४० पानांची कादंबरी तीन आठवड्यांच्या आत संपली. ही २० मिनिटं सलग नसली तरी चालतात, पण पाच मिनिटांपेक्षा लहान तुकडे करू नका. मागचा धागा सापडेपर्यंतच तेवढा वेळ जातो. कुकर लावल्यावर, दवाखान्यात नंबर येईपर्यंत असल्या फटींसाठी कथा, ललित, पत्रसंग्रह बरे. कादंबरी रात्रीला ठेवा. एसटीत वाचणाऱ्यांनी पुण्याच्या हायवेला खुशाल वाचावं, पण गगनबावड्याच्या किंवा आंब्याच्या घाटात पुस्तक मिटून पिशवीत टाकावं. डोळा म्हणतो पान स्थिर आहे, कानातला तोल म्हणतो गाडी वळतेय, आणि या भांडणात पोट ढवळतं.

चाळिशी ओलांडलेल्यांसाठी थोडं सविस्तर. "हल्ली दोन पानांत झोप येते, वाचनातला रसच गेला" असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचा रस जागेवरच असतो, जवळचा नंबर लागलेला असतो. पुस्तक हात लांब करून धरावं लागतंय का, संध्याकाळी अक्षर पुसट होतंय का, एवढं बघा आणि डोळे तपासून घ्या. फूटपाथवरच्या तयार चष्म्यात दोन्ही काचांचा नंबर एकच असतो. तुमच्या दोन डोळ्यांत फरक असेल तर अर्ध्या तासात कपाळ ठणकतं आणि दोष बिचाऱ्या पुस्तकाला. उजेडाचंही तसंच. ट्यूबलाइट पाठीमागं वर असली की आपल्याच डोक्याची सावली पानावर पडते. खांद्याच्या बाजूनं, थोडा मागून येणारा सात-नऊ वॅटचा पिवळसर एलईडी दिवा पुरतो. उजेड पानावर हवा, डोळ्यांत नको.

नवं जाड पुस्तक मधोमध फाडकन उघडू नका. कणा टेबलावर टेकवून थोडी पानं डावीकडून, थोडी उजवीकडून, असं आळीपाळीनं दाबत मधापर्यंत या. हल्लीची बरीच पुस्तकं शिवलेली नसतात, नुसती गोंदावर चिकटवलेली असतात. कणा एकदा मोडला की पानं सुटायला लागलीच म्हणून समजा.

आता आपल्याकडचा खरा वैरी, पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोल्हापुरात कपडे वाळत नाहीत, तिथं कागदाची काय कथा! हवेतला ओलावा ६५-७० टक्क्यांच्या वर टिकला की बुरशी धरते, आणि कसर नावाची कीड बांधणीतल्या खळीवर ताव मारते. कपाट भिंतीला चिकटवू नका, दोन-तीन इंच जागा सोडा. पावसाचा मारा बसणारी भिंत तर टाळाच. पुस्तकं कोंबून भरू नका, बोट सहज शिरलं पाहिजे. घट्ट प्लॅस्टिक कव्हरपेक्षा कागदाचं कव्हर बरं, प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या गल्ल्यांत तर खालची फळी पुस्तकांसाठी नाहीच असं धरून चाला.

तरी पुस्तक भिजलंच तर उन्हात टाकायचं नाही. पानं वाकडी होतात आणि पुठ्ठा उचकटतो. उभं करून, पानं पंख्यासारखी पसरून, फॅनच्या वाऱ्याला ठेवा. मधे कोरा टिपकागद घाला आणि तो ओला झाला की बदला. चकचकीत कागदाची पानं मात्र ओली असतानाच अलगद वेगळी करावी लागतात, एकदा वाळली की वीट होते. एकदम ढीगभर भिजली आणि हात पुरत नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बुरशी थांबते आणि नंतर एकेक काढून सवडीनं वाळवता येतं. फ्रीजरमध्ये पुस्तक बघून घरात बोलणी बसतील, ती ऐकून घ्यायची.

विकतच घेतलं पाहिजे असंही नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आपल्या गावात आहे. अनामत, वर्गणी भरली की झालं. शिवाय वाचनालयाच्या पुस्तकाला परतीची तारीख असते, त्यामुळं ते घरच्या पुस्तकाच्या आधी वाचून होतं. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन' मासिकापासूनची, पण आता सगळे अंक घ्यायचे म्हटलं तर खिशाला चाट बसते. गल्लीतल्या पाच घरांनी एकेक वेगळा अंक घ्यावा आणि आठवड्यानं फिरवावा. शब्दकोडं पेन्सिलीनं सोडवायचं, एवढी अट आधीच घाला.

आणि वर्षाला ५० पुस्तकांचे संकल्प मला पटत नाहीत. पन्नाससाठी लोक बारीक पुस्तकं शोधत बसतात. पन्नास पानांपर्यंत मन लागलं नाही तर पुस्तक खुशाल परत करा. आजारपणात तर नवं काही नकोच, आधी वाचलेलंच घ्या. पुढं काय होणार हे माहीत असतं, त्यामुळं मधेच डोळा लागला तरी काही बिघडत नाही. घरात मोतीबिंदू झालेली आजी असेल तर तिला रोज पंधरा मिनिटं मोठ्यानं वाचून दाखवा. संवाद जास्त असलेलं निवडा, लांबलचक वर्णनात ऐकणाऱ्याचं लक्ष सुटतं. आणि आवाज नेहमीपेक्षा जरा संथ ठेवा, ती मधेमधे तिचं सांगणारच.